उंबरठ्यावरचे भाकरमीठ

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "तुम्हीही काहीतरी लिहून द्या" असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा प्रथम मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पापडाचे प्रमाण विचारले असते तर चटकन सांगितले असते. पण इतिहासावर लिहावयाचे म्हणजे आमच्यासारखीने काय लिहावे? मग वाटले, लढाया आणि राजे यांचा इतिहास विद्वानांनी लिहावा. नवी सून घरात येते तेव्हा उंबरठ्यावर काय घडते, याचा इतिहास आपण बायकांनी लिहिला नाही तर दुसरे कोण लिहिणार? म्हणून हा प्रयत्न. भगिनींनी चूकभूल पोटात घालावी.

माझे माहेर मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. थळला खताचा कारखाना उभा राहू लागला त्या सुमारास वडील कामासाठी इकडे आले आणि पुढे मला सासरही थळचेच मिळाले. आजी मात्र गावीच राहिली. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिच्याकडे जात असू. तिचे गाव वळिवड्यापासून कोसभर अंतरावर. रात्री अंगणात अंथरुणे पडली की ती एका लग्नाची गोष्ट सांगे. ते लग्न आपल्यापैकी कोणाचे नव्हते. ते होते वळिवड्याच्या छावणीतील पोलिश लोकांचे.

पोलंड देशाचे लोक कोल्हापूरजवळ कसे आले, हे आधी सांगितले पाहिजे. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला दुसऱ्या बाजूने रशियाचे सैन्य आत शिरले. पूर्व पोलंडातील लाखो माणसांना १९४० आणि १९४१ मध्ये घराबाहेर काढून आगगाडीच्या मालडब्यांतून सैबेरिया व कझाकस्तानकडे नेण्यात आले. थंडी, उपास आणि रोग यांनी कितीजण दगावले. पुढे जर्मनीने रशियावरच चाल केली, तेव्हा १९४१ च्या जुलैअखेर करार होऊन या लोकांची सुटका झाली. पुरुष नव्या पोलिश सैन्यात गेले. बायका-मुले १९४२ मध्ये इराणात पोचली. तेथून जहाजाने हिंदुस्थानात आणि मग आगगाडीने वळिवड्यास. १९४३ पासून १९४८ पर्यंत ही छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे तेथे राहिली आणि त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेच होती. त्यांनी तेथे शाळा चालविल्या, प्रार्थनामंदिर उभारले, नाटके केली. नव्या ठिकाणी बायकांना प्रथम चूल मांडावी लागते. त्याही पहिल्यांदा तेच करीत बसल्या असतील.

आजी तेव्हा पंधरा वर्षांची होती. आईबरोबर भाजीची पाटी घेऊन ती छावणीपर्यंत जाई. एके दिवशी तिने तेथे लग्नाची वरात पाहिली. प्रार्थनामंदिरातून नवरानवरी आली. दारात एक बाई उभी होती. तिच्या हातांत स्वच्छ पांढरे कापड, त्यावर मोठा गोल पाव आणि पावाशेजारी मीठ. नवरानवरीने तो तुकडा तोडून मिठाबरोबर खाल्ला आणि मग आत गेली. आजी सांगे, "सोनं न्हाई, नाणं न्हाई. पाव आन् मीठ! म्या आईला म्हनलं, ह्यांच्यात बी आपल्यावानीच भाकरतुकडा हाय की!"

पण आजीच्या मनात राहिली ती पुढची गोष्ट. बरोबरच्या एका भाजीवालीने सांगितले, की ती पाव धरणारी नवरीची आई, आणि तिचा नवरा रशियात मेला. आजी चकित झाली. तिच्या गावात नवरा गेलेली बाई लग्नात माजघरातून बाहेर येत नसे. "आन् ही बया दारात उभी, सगळ्यांच्या म्होरं!" एवढे बोलून आजी गप्प होई. आजीला स्वतःला तिशीतच वैधव्य आले होते, हे मला फार उशिरा उमगले.

ही गोष्ट मनात घेऊनच मी त्या लोकांच्या रीती समजून घेऊ लागले. माझी मुलगी अलिबागच्या महाविद्यालयात शिकते. रात्री भांडी आवरली की ती वाचून दाखवी आणि मी ऐके. जे समजले ते येथे देते.

पोलिश भाषेत लग्नसमारंभाला 'वेसेले' म्हणतात आणि त्या शब्दात आनंद, मौज हाही अर्थ आहे. प्रार्थनामंदिरात जाण्यापूर्वी घरी आईवडील मुलामुलीला आशीर्वाद देतात. दोघे गुडघे टेकून तो घेतात. विधी आटोपून बाहेर पडताना लोक त्यांच्यावर तांदूळ किंवा नाणी उधळतात. अक्षतांचीच बहीण म्हणावी अशी ही रीत. वाटेत शेजारीपाजारी दोरी बांधून रस्ता अडवितात आणि वराकडून खाऊ किंवा दारूची बाटली उकळल्याशिवाय सोडीत नाहीत. आपल्याकडे नवऱ्याची बहीण दार धरून बसते आणि ओवाळणी घेतल्याशिवाय हलत नाही, तसेच हे.

मग येते ते पाव आणि मीठ. त्याला ते 'ख्लेब इ सूल' म्हणतात. पूर्वी हे स्वागत घराच्या दारात होई, आता जेवणाच्या सभागृहाच्या दारात होते. अर्थ असा, की या घरात भाकरीला कधी कमी पडू नये. आणि मीठ हे संसारातील कडूगोड सोसण्याची आठवण व अन्न टिकविणारी वस्तू. त्याबरोबर दोन पेले पुढे करतात. एकात पाणी, दुसऱ्यात व्होडका नावाची त्यांची दारू, आणि दिसायला दोन्ही सारखीच. ज्याच्या वाट्याला व्होडका येईल त्याचे घरात चालणार अशी थट्टा. मग रिकामे पेले खांद्यावरून मागे फेकून फोडतात. काच फुटली की शुभ. आपण हळदीच्या पाण्यात अंगठी टाकून जी शोधायला लावतो, त्यातही अंगठी कोणाच्या हाती लागते यावरून घरात कोणाचे चालणार तेच ठरवितो ना?

पंगतीला पहिल्याने कोंबडीचा पातळ रस्सा शेवयांबरोबर वाढतात. जेवता जेवता पाहुणे एकाएकी "गोश्को! गोश्को!" म्हणजे "कडू! कडू!" असे ओरडू लागतात. दारू कडू लागते आहे, नवरानवरीने एकमेकांचे चुंबन घेतल्याशिवाय ती गोड होणार नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे हे चालायचे नाही, हे मी जाणते. पण सून दारात उभी असता "नाव घे, नाही तर आत सोडणार नाही" म्हणून आपण जो गलका करतो, तो त्याच जातीचा. लाजणाऱ्या दोन जिवांना सर्वांसमोर एकमेकांचे म्हणवून घ्यायचे, एवढाच हेतू.

मध्यरात्री जो विधी होतो त्याला 'ओचेपिनी' म्हणतात. हा सगळ्यांत जुना आणि बायकांचाच. पूर्वी नवरीला कणीक तिंबण्याच्या लाकडी काथवटीवर बसवीत. अविवाहित मैत्रिणी तिला सोडीत नसत, विवाहित बायका ओढून घेत. मग तिच्या डोक्यावरचा फुलांचा मुकुट काढून, कोठे कोठे तिची वेणीही कापून, विवाहितेची टोपी घालीत. त्या वेळी म्हणण्याचे एक फार जुने गाणेही आहे. हसत हसत सुरू झालेला हा खेळ रडण्यात संपे. हल्ली टोपीऐवजी डोक्यावरची जाळी उतरवून मैत्रिणींकडे फेकतात आणि खेळ खेळतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा सर्वांना बोलावून उरलेले जेवण संपवितात. त्याला 'पोप्राविनी' असे नाव आहे. आपल्याकडे सत्यनारायणाच्या दिवशी उरलेले लाडू वाटतात, त्याची मला आठवण झाली.

या रीतींना त्यांच्या वाङ्मयातही मोठा मान आहे. १९०० साली लुत्सियान रिडेल नावाच्या कवीने क्राकूवजवळच्या ब्रोनोवित्से गावातील शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न केले. त्या लग्नाला हजर असलेल्या विस्पियान्स्की या नाटककाराने पुढच्याच वर्षी 'वेसेले' हे नाटक रंगभूमीवर आणले. ते आजही त्यांच्याकडे फार मोठे मानतात. रेमोंट या लेखकास १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या 'ख्वोपी' म्हणजे 'शेतकरी' या कादंबरीत खेड्यातील लग्नाचे मोठे वर्णन आहे. त्यातील नवरीची आई विधवा आहे, आणि लग्नाची सारी धामधूम तिच्याच घरी होते. मुलीने हे सांगितले तेव्हा मी तिला पुन्हा विचारले, "नक्की विधवाच ना?" आजीच्या गोष्टीला पुस्तकाचा आधार मिळाला.

आता मिठाविषयी थोडेसे, कारण आपण मिठाच्या मुलखात राहतो. आपल्या अलिबाग-पेण-उरणच्या पट्टीत खाडीचे पाणी बांधून मीठ पिकविण्याचे काम पिढ्यान् पिढ्या चालले. आगर म्हणजे मिठागर, त्यावरूनच आगरी हे नाव आले असे सांगतात. पोलंडात समुद्राचे मीठ नव्हे, तर जमिनीखालचे. क्राकूवजवळ विएलिच्का येथे खोल खाण आहे. तेराव्या शतकापासून सात शतके तेथून मीठ काढले, आणि १९९६ मध्ये ते काम थांबले. त्या खाणीची एक दंतकथा आहे. हंगेरीची राजकन्या किंगा पोलंडच्या राजपुत्राला दिली. तिने वडिलांकडे आंदण म्हणून सोने न मागता मीठ मागितले आणि आपली अंगठी माहेरच्या मिठाच्या खाणीत टाकली. सासरी आल्यावर तिने एके ठिकाणी खणावयास सांगितले. मिठाचा पहिला खडा निघाला तो फोडला, तर आत तीच अंगठी! कथा खरी असो वा नसो, ती लग्न होऊन परक्या मुलखात आलेल्या मुलीची आहे. सासरच्या मिठात माहेरची अंगठी सापडावी, असे कोणत्या सुनेला वाटत नाही?

आपल्याकडेही सून दारात आली की तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात, तांदळाचे माप ओलांडून ती आत येते. मीठमोहरीने दृष्टही काढतात. भाकर आणि मीठ दोन्ही आपल्याही उंबरठ्यावर आहेत. फरक इतकाच, की ते त्यांना खायला देतात आणि आपण ओवाळून बाजूला टाकतो. आणि दुसरा फरक, ज्यासाठी मी हा लेख लिहावयास बसले, तो म्हणजे ते ताट कोणी धरावयाचे हा.

त्यांच्याकडे सगळेच चांगले असे मी म्हणत नाही. नवरीची वेणी कापणे मला तरी पाहवले नसते, आणि दारूने तेथेही संसार बुडाले असतील. टोपी घालण्याच्या विधीतही विवाहित बायकांचाच मान होता. परंतु पाव आणि मीठ धरण्याचा मान आईचा, तो ती आई आहे म्हणून. वळिवड्याच्या छावणीत याशिवाय दुसरे काही चालणेच शक्य नव्हते. कितीतरी बायकांचे पती रणांगणावर होते. कितीतरींचे सैबेरियात गेले. १९४० मध्ये रशियाच्या गुप्त पोलिसांनी कातिन व इतर ठिकाणी सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी आणि इतर कैदी मारून पुरले. कातिनच्या जंगलातील प्रेते १९४३ च्या एप्रिलमध्ये उघडकीस आली. आपण सवाष्ण की विधवा, हेच ज्यांना ठाऊक नाही अशा बायका त्या छावणीत होत्या. त्यांनी उंबरठ्यावर उभे राहावे की नाही, हा प्रश्न विचारावा तरी कोणी?

मैत्रिणींनो, अशा बायका पाहावयास वळिवड्याला जावे लागत नाही. आपल्या थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी दिसतात, त्यांच्या पलीकडे होड्या जातात. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ आपल्या किनाऱ्यावर आले. माझे थोरले दीर त्या वेळी समुद्रात होते. ते परत आले नाहीत. देहही मिळाला नाही. बेपत्ता माणसाला मृत मानण्यास कायदा सात वर्षे थांबतो. गाव थांबले नाही. वर्षाच्या आतच जाऊबाईंच्या हातातील बांगड्या गेल्या, आणि लग्नकार्यात त्या भाकऱ्या थापण्यापुरत्या राहिल्या. त्यांचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता.

मी नवरी म्हणून या घरात आले, तेव्हा दारात माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला तो याच जाऊबाईंनी. मी परमुलखातली, इकडची भाषा धड कळेना. त्यांनी कानात सांगितले, "घाबरू नको गो, उजवा पाय आधी." ते मी कसे विसरेन?

गेल्या वैशाखात त्यांच्या मुलाचे लग्न झाले. हळद झाली, धवलारणीने धवळे म्हटले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिचे नाव घेतात त्या महदंबेनेही तेराव्या शतकात धवळेच रचले होते. म्हणजे लग्नाचे गाणे आपल्या बायकांच्या तोंडी किती जुने आहे पाहा. वरात दारात आली तेव्हा ओवाळणीचे ताट माझ्या हाती देण्यात आले, कारण मी सवाष्ण. जाऊबाई मागच्या दाराशी उभ्या होत्या. ज्या बाईने एकटीने मासळी विकून मुलाला वाढविले, तिच्या सुनेला मी घरात घ्यावयाचे! मला आजीची गोष्ट आठवली. मी आत गेले आणि ताट त्यांच्यापुढे धरले.

"मना नको सांगू गो," त्या म्हणाल्या. "लोका काय बोलतील?"

मी म्हटले, "जाऊबाई, भावोजी समुद्रावर गेले. तुम्ही तर कुठे गेला नाहीत. सून तुमची आहे."

त्या बराच वेळ हलल्या नाहीत. बाहेर वाजंत्री थांबली होती. मग मुलगाच आत आला आणि त्याने आईचा हात धरला. एक म्हाताऱ्या आत्याबाई "हे बरे नव्हे" म्हणत उठून गेल्या, आणि त्यांचा राग अजून गेलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. जाऊबाईंनी थरथरत्या हाताने तांदळाच्या भाकरीचा तुकडा सुनेवरून ओवाळला. ताटात मी चिमूटभर मीठ ठेवले होते. ते कशासाठी हे कोणी विचारले नाही. सुनेने नाव घेतले, त्यात सासूचेही नाव गुंफले होते. मग माप ओलांडून ती आत आली.

हे मी काही एकटीने नवीन केले असे नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातीलच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद कराव्यात. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे सांगितले. ज्या जिल्ह्यात त्या परदेशी आयांनी पाव आणि मीठ हाती धरले, त्याच जिल्ह्यातून हा ठराव यावा, हा केवळ योगायोग असेल. मला तो सुखाचा वाटतो.

वळिवड्याचे पोलिश लोक १९४८ पर्यंत निघून गेले. त्यांतले फार थोडे मायदेशी परतू शकले. पुष्कळसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. त्यांच्या रिकाम्या घरांत फाळणीने बेघर झालेले सिंधी लोक येऊन राहिले, तेच आजचे गांधीनगर. तेथे पुन्हा नव्या बायकांनी चुली मांडल्या. पोलिश लोकांनी कोल्हापूरचे उपकार स्मरून वॉर्सा शहरात स्मारक उभारले आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. स्मारके उभी राहतात हे चांगलेच. पण घर, गाव, देश सारे गेल्यावरही त्या बायकांनी लग्नाच्या दिवशी पाव आणि मीठ हाती धरावयाचे सोडले नाही, हे माझ्या आजीने पाहिले आणि मला सांगितले, म्हणून मी ते येथे लिहून ठेवते.

आता मंडळापुढे माझी एकच विनंती. आपण दरवर्षी हळदीकुंकू करतो, सहलीला जातो. येत्या लग्नसराईत आपल्यापैकी जिच्या घरी कार्य असेल तिने भाकरतुकड्याचे ताट मुलाच्या आईच्याच हाती द्यावे. तिचे कपाळ पाहू नये. ठराव करा असे मी म्हणत नाही. ठरावाला सह्या लागतात. याला फक्त ताट उचलून आतल्या खोलीपर्यंत चार पावले जावे लागते.